लोयोलाच्या गढीत नसलेले पुस्तक



येत्या ३१ जुलैला संत इग्नेशियस लोयोला यांचा सण. त्या निमित्ताने काही लिहावे असा विचार चालू असतानाच, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येत होती. मुले रात्री बारा-बारा वाजेपर्यंत मोबाइलवर चिलखत घातलेले वीर, किल्ले आणि आग ओकणारे अजस्र प्राणी बघत बसतात, आणि बायबल हातात दिले की पाच मिनिटांत जांभया देतात. फादरना सांगून हा विषय एकदा प्रवचनात घ्यायला लावा, असा आग्रहही झाला. धर्मशिक्षणाचा वर्ग आम्ही घेतो, म्हणून हा प्रश्न फिरून आमच्याकडेच येतो. आणि आम्हांला दर वेळी थोडे हसू येते. कारण ज्या संतापुढे आपण मेणबत्त्या लावणार आहोत, ते स्वतः तिशीपर्यंत याच नादात होते. हे आमच्या पदरचे नाही. १५५३ ते १५५५ या काळात रोममध्ये त्यांनी आपली जीवनकथा लुईस गोन्साल्व्हिस द कामारा या सहकारी धर्मगुरूंना सांगितली, तीत त्यांनीच हे कबूल केले आहे. त्या लिखाणात 'मी' कुठेच नाही; आहे तो 'यात्रेकरू'.

आधी ही पुस्तके कसली होती ते पाहू. नाइट म्हणजे घोडा, चिलखत आणि तलवार बाळगणारा, धन्याला इमानाची शपथ दिलेला लढवय्या. आपल्याकडच्या शिलेदाराच्या जवळचा. अशा वीरांच्या काल्पनिक साहसांचे जाडजूड ग्रंथ त्या वेळी स्पेनमध्ये छापखान्यातून निघत, आणि त्यांत सर्वांत लाडका होता 'आमादिस दे गाउला'. मेदिना देल काम्पो या बाजारपेठेच्या गावातील गार्सी रोद्रिगेस दे मोन्ताल्व्हो याने जुन्या कथा घेऊन तो नव्याने रचला. आज हाती असलेली सर्वांत जुनी छापील प्रत १५०८ सालची, सारागोसा शहरातली. आमादिस हा राजपुत्र. पण जन्मताच त्याला पेटीत घालून पाण्यात सोडून दिलेले. सोबत एक तलवार आणि एक अंगठी. परक्या घरी तो वाढतो, आपण कोण हे त्याला ठाऊक नसते. ओरियाना या राजकन्येवर त्याचे प्रेम जडते आणि पुढची सगळी साहसे तिच्या नावाने होतात. ती एकदा गैरसमजातून रागाचे पत्र पाठवते, तेव्हा हा एवढा वीर शस्त्रे टाकून एका निर्जन खडकावर म्हाताऱ्या संन्याशाजवळ जाऊन रडत बसतो. मग दुसरे पत्र येते आणि घोडा पुन्हा पळू लागतो.

पाण्यात सोडलेले मूल म्हटल्यावर आपल्याला मोशेही आठवतो आणि कर्णही. कथा परकी वाटत नाही ती म्हणूनच. पण त्या काळच्या माणसाला ती का चटका लावत होती? आम्हांला वाटते, त्या पुस्तकांत दिलेला शब्द पाळला जात होता. तिथे माणसाची किंमत त्याच्या वाट्याला आलेल्या जमिनीवरून होत नव्हती, त्याने काय केले यावरून होत होती. बाहेरच्या जगात तसे काही उरले नव्हते. तोफा आल्या होत्या, आणि कितीही शूर माणूस दुरून आलेल्या गोळ्याने पडत होता. शिवाय वाडवडिलांची गढी थोरल्या भावाकडे जायची. धाकट्याने कुणाच्या तरी पदरी चाकरी शोधायची.

लोयोलाच्या बास्क घराण्यात १४९१ साली जन्मलेला इनिगो असाच धाकटा. पोरसवदा असतानाच त्याला आरेव्हालो येथे राज्याचे मुख्य हिशेबनीस हुआन व्हेलास्केस दे क्वेल्यार यांच्या घरी पाठवले गेले. आरेव्हालोहून मेदिना देल काम्पो जवळच. म्हणजे आमादिसच्या कर्त्याच्या शेजारीच हा मुलगा वाढला म्हणायचा. तिथे तो दरबारी रीतभात शिकला, तलवार शिकला, आणि पुस्तकांचे वेड घेऊन मोठा झाला. १५१७ साली धनी वारले. मग इनिगोने नव्हाराचे व्हाइसरॉय असलेल्या नाहेराच्या ड्यूकांची चाकरी धरली.

२० मे १५२१. पाम्प्लोनाच्या किल्ल्यापुढे फ्रेंचांचे मोठे सैन्य. किल्ल्यातले बाकीचे शरण जाऊ म्हणत होते, यानेच किल्लेदाराला लढायला तयार केले. तोफेचा गोळा दोन्ही पायांमधून गेला. उजव्या पायाचे हाड मोडले, डावा जखमी झाला. हा पडताच किल्ला पडला. फ्रेंचांनी त्याला मायेने वागवले आणि काही दिवसांनी पालखीत घालून लोयोलाला पोहोचवले, हेही त्याने आवर्जून सांगितले आहे.

घरी आल्यावर दिसले की हाड वेडेवाकडे बसले आहे. ते पुन्हा मोडून बसवले. भुलीचे औषध नव्हते. इनिगोने फक्त मुठी आवळल्या. मग जीवावरचे दुखणे आले, शेवटचे संस्कारही झाले. संत पेत्र आणि संत पौल यांच्या सणाच्या आदल्या रात्री उतार पडला. हाड जुळले, पण गुडघ्याखाली एक टेंगूळ राहिले आणि पाय आखूड झाला. आता जे घडले ते आम्ही वर्गात मुलांना नेहमी सांगतो, आणि तिथे वर्ग एकदम शांत होतो. घट्ट, उंच बूट घालायची तेव्हा फॅशन होती, आणि हे टेंगूळ बुटातून वाईट दिसले असते. इनिगोने शस्त्रवैद्यांना विचारले, हे कापून काढता येईल का? ते म्हणाले, येईल, पण आतापर्यंत सोसले त्याहून जास्त सोसावे लागेल. थोरला भाऊ हादरला. म्हणाला, माझी तर हिंमत झाली नसती. तरी त्याने कापून घेतले. पाय लांब व्हावा म्हणून कित्येक दिवस तो यंत्राने ताणूनही घेतला. पाय काही पुरता सरळ झाला नाही. ते जन्मभर लंगडतच चालले.

बुटासाठी एवढे सोसणाऱ्या तरुणाला तुम्ही मूर्ख म्हणाल. आम्ही म्हणणार नाही. दिसण्यासाठी, मान राखण्यासाठी आपली मुलेच काय, आपणही कमी सोसत नाही. आणि हीच सोसण्याची ताकद पुढे देवाने वापरली.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाने वेळ घालवायला ओळखीची पुस्तके मागितली. त्या गढीत त्यांतले एकही नव्हते. वहिनी दोन्या माग्दालेना हिच्या घरात सापडली ती दोनच : एक सॅक्सनीच्या लुडोल्फ यांनी लिहिलेले ख्रिस्तचरित्र, आणि दुसरे संतांच्या चरित्रांचे. स्पॅनिशमध्ये दोन्ही मिळत होती. घरात दुसरे काही नाही म्हणून त्याने ती वाचली. कुणी उपदेश केला नाही, कुणी आमादिस हिसकावून घेतला नाही.

वाचून पुस्तक बाजूला ठेवले की तो स्वप्ने रंगवू लागे. कधी जुनीच : एका थोर स्त्रीची सेवा करायची, तिच्या गावी कसे जायचे, काय बोलायचे, तिच्यासाठी कोणता पराक्रम करायचा. ती काउंटेस नव्हती की डचेस नव्हती, त्यांहून वरची होती, एवढेच तो सांगतो. यात दोन, तीन, चार तास कसे जात ते त्याला कळत नसे. हे किती अशक्य आहे याचे भानही नसे. कधी संतांचे पुस्तक डोक्यात असे. मग वाटे, फ्रान्सिसने जे केले ते मी केले तर? डॉमिनिकने केले ते मी का करू नये? अनवाणी यरुशलेमला जाईन, पाला खाऊन राहीन.

नीट पाहिले तर दुसरे स्वप्नही पहिल्यासारखेच आहे. संत हे जणू मोठ्या धन्याचे शिलेदार, आणि आपण त्यांच्याशी स्पर्धा करायची! संतचरित्रांच्या त्या स्पॅनिश पुस्तकाच्या प्रस्तावनेतही संतांना देवाचे नाइट म्हटले होते. तेव्हा गाडी रुळ बदलून दुसरीकडे लागली असे समजू नये. फरक त्याला लागला तो स्वप्न संपल्यावर. त्या स्त्रीचे विचार चालू असताना गोड वाटत, पण थकून ते सोडले की मन कोरडे, असमाधानी उरे. यरुशलेमचे विचार चालू असताना गोड वाटतच, पण सोडल्यावरही मन प्रसन्न राही. कित्येक दिवस हे त्याच्या लक्षातही आले नाही. मग एके दिवशी डोळे थोडे उघडले आणि त्याला नवल वाटले. 'आत्म्यांची पारख' म्हणून पुढे त्यांनी जे शिकवले, त्याचे मूळ या अंथरुणावर आहे. पुस्तक चांगले की वाईट, हे त्याने मुखपृष्ठावरून ठरवले नाही. ते मिटल्यावर आत काय उरते ते पाहिले. उठता येऊ लागल्यावर त्याने वही घेतली आणि वाचलेल्यातले निवडक उतारे लिहून काढले; ख्रिस्ताची वचने लाल शाईने, मरियामातेची निळ्या शाईने. सुमारे तीनशे पाने झाली.

कथा इथेच थांबवून 'आणि मग ते संत झाले' म्हणायची आपली सवय आहे. पण पुढचा प्रसंग वगळला तर आपण खोटे सांगू. १५२२ च्या सुरुवातीला इनिगो खेचरावर बसून मोन्तसेरात डोंगरावरील मरियामातेच्या तीर्थाकडे निघाला. वाटेत एक मूर, म्हणजे मुसलमान प्रवासी, भेटला. बोलता बोलता विषय मरियामातेवर आला. पुरुषाशिवाय गर्भधारणा झाली हे मानतो, म्हणाला तो. पण प्रसूतीनंतरही कुमारीपण राहिले हे मला पटत नाही. इनिगोने परोपरीने सांगून पाहिले, तो पटवून घेईना. मग तो घाईने पुढे निघून गेला. आणि इनिगोच्या मनात कालवाकालव सुरू झाली : मातेचा अपमान झाला आणि मी गप्प राहिलो, माझे कर्तव्य चुकले. त्या माणसाला गाठून खंजीर खुपसावा असे त्याला वाटू लागले.

ध्यानात घ्या, हा बदललेला इनिगो आहे. पापांबद्दल रडलेला, ख्रिस्ताची वचने लाल शाईने लिहिणारा. राजकन्येच्या जागी मरियामाता आली होती, पण बाईच्या मानासाठी माणूस मारायचा हा पुस्तकी कायदा जागचा हलला नव्हता. काय करावे हे ठरेना, तेव्हा त्याने खेचराचा लगाम सैल सोडला. मूर ज्या गावाकडे गेला होता तिकडे खेचर वळले तर त्याला गाठायचे. राजमार्गाने गेले तर सोडून द्यायचे. गाव तीस-चाळीस पावलांवर, तिकडचा रस्ता रुंद आणि चांगला. खेचर राजमार्गाला लागले.

त्या माणसाचे नाव कुणालाच ठाऊक नाही. आपला जीव कशावर टांगला होता हे त्यालाही कधी कळले नसेल. म्हातारपणी हा प्रसंग सांगताना इग्नेशियस यांनी स्वतःला सावरून घेतले नाही. देवाची सेवा करायची मोठी इच्छा होती, पण आत्मा अजून आंधळा होता, असे सांगितले.

या आंधळेपणाने समुद्रापलीकडे काय केले ते सर्वांना माहीत आहे. मेक्सिकोची सरोवरातली राजधानी १५१९ मध्ये प्रथम पाहिली तेव्हा ती आमादिसच्या पुस्तकातल्या जादूसारखी वाटली, असे बेर्नाल दियास या शिपायाने लिहून ठेवले आहे. दोन वर्षांत त्याच माणसांनी ती नगरी धुळीला मिळवली. कॅलिफोर्निया हे नावसुद्धा आमादिसच्या मुलावर रचलेल्या पुढच्या पुस्तकातील एका काल्पनिक बेटाचे.

तेव्हा ज्या धर्मगुरूंनी आणि पंडितांनी या पुस्तकांविरुद्ध लिहिले त्यांची काळजी अगदीच पोकळ नव्हती. १५३१ साली स्पेनच्या राजसत्तेने ही पुस्तके अमेरिकेत पाठवायला बंदी केली. १५४३ मध्ये तोच हुकूम पुन्हा काढावा लागला. यावरून पहिला किती पाळला गेला ते समजा. १५५५ मध्ये व्हायादोलिदच्या प्रतिनिधीसभेने राजाकडे मागणी केली की देशातही ही पुस्तके बंद करावीत आणि असतील ती जाळावीत. आई मुलीला घरात सुरक्षित ठेवून बाहेर जाते, आणि मुलगी आत आमादिस वाचत बसते, अशी त्यांची तक्रार होती. आपल्या आवारातली तक्रार आणि ही तक्रार यांत साडेचारशे वर्षांचे अंतर आहे, एवढेच! तो कायदा काही झाला नाही. गंमत अशी की ख्रिस्तालाच नाइट करून रचलेली 'कावायेरिया सेलेस्तियाल' म्हणजे 'स्वर्गीय शिलेदारी' नावाची भक्तिकादंबरी १५५४ मध्ये निघाली, ती मात्र १५५९ च्या निषिद्ध पुस्तकांच्या यादीत गेली. आमादिस मोकळाच राहिला.

हसत हसत यावर सर्वांत खरे बोलला तो सेर्व्हान्तेस. 'दोन किहोते'च्या १६०५ च्या पहिल्या भागात एक विद्वान धर्माधिकारी अशा पुस्तकांवर मनसोक्त टीका करतो, आणि जरा वेळाने हळूच सांगतो की आपणही एक लिहायला घेतले होते, शंभराहून अधिक पाने झालीही होती.

घराच्या आतली बाजू मात्र आव्हिलाच्या संत तेरेसा यांनी सांगितली आहे. त्यांच्या आई दोन्या बेआत्रिस या पुस्तकांच्या शौकीन. वडिलांना ती आवडत नसत. त्यामुळे मायलेकरे वडिलांच्या नकळत वाचत. नवे पुस्तक हाती नसले की आपल्याला चैन पडत नसे, असे तेरेसा लिहितात, आणि याने आपले नुकसान झाले असेही म्हणतात. पण आईवर त्या कठोर होत नाहीत. आईला फार दुखणी होती, फार सोसावे लागत होते. त्याचा विसर पडावा म्हणून ती वाचत असेल, आणि मुले भलत्या नादी लागू नयेत म्हणून त्यांना वाचू देत असेल, असे त्या समजून घेतात. ही आई तेहतिसाव्या वर्षी वारली. वाचकांनो, घरात कुणी रात्री उशिरापर्यंत पडद्यावरच्या राज्यांत रमलेले दिसले, तर ते कशाचा विसर पडावा म्हणून, हे विचारायला आपण थांबतो का? आम्ही वर्गात हे विचारायला लागलो तेव्हा काही मुलांनी जी उत्तरे दिली, ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. प्रार्थनेत ठेवण्यासारखी आहेत.

तेरेसांनी १५७७ मध्ये आत्म्याचे वर्णन करायला लेखणी उचलली तेव्हा त्यांना चित्र सुचले ते किल्ल्याचेच, सात दालनांच्या. मधल्या दालनात राजा.

आपल्या भागाशी या कथेचा धागा जुना आहे. इग्नेशियस यांचे सोबती संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. पाम्प्लोनाच्या लढाईत झेवियर यांचे भाऊ समोरच्या बाजूला होते. जुन्या गोव्यात बॉम जेजूला आपण झेवियर यांच्या दर्शनाला जातो, पण मुख्य वेदीवरची भव्य मूर्ती आहे ती लंगड्या इग्नेशियस यांची. त्यांच्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आले. त्यांच्या ख्रिस्तपुराणाच्या आरंभी एक प्रसंग आहे : सासष्टीतला एक ब्राह्मण नवख्रिस्ती पाद्रींना विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही का देत नाही? त्या प्रश्नात दुःख आहे, आणि ते रास्त आहे. पुस्तके काढून घेणाऱ्यांना त्याचे उत्तर द्यावेच लागणार होते. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ते पुराण १६१६ साली राचोलला छापले गेले. ऐकायला गोष्ट हवी, ही भूक फादर स्टीफन्स यांनी पाप मानली नाही. त्यांनी जेवण रांधले.

इनिगोला आपण राजमार्गावर सोडले होते. तो मोन्तसेरातला पोहोचला, तीन दिवस लिहून पापांची कबुली दिली, आणि २४ मार्च १५२२ च्या रात्री, देवदूताच्या निरोपाच्या सणाच्या आदल्या रात्री, मरियामातेच्या वेदीपुढे कधी उभा, कधी गुडघ्यांवर असा जागला. नव्या नाइटने शस्त्रांजवळ रात्र जागवायची ही रीत पुस्तकातली. डोक्यात आमादिस आणि तसलीच पुस्तके भरलेली होती, असे ते स्वतःच सांगतात. फक्त पहाटे शस्त्र कमरेला लावायचे, त्याऐवजी याने तलवार आणि खंजीर तिथेच ठेवले. तोच खंजीर असेल.

वेदीपुढे जाण्याआधी त्याने आपले उंची कपडे उतरवून गुपचूप एका भिकाऱ्याला दिले आणि गोणपाटाचा अंगरखा घातला. हेही पुस्तकाला शोभेल असेच. पण सकाळी तो कोसभर गेला असेल नसेल, एक माणूस धापा टाकत मागून आला आणि विचारू लागला, हे कपडे तू त्या भिकाऱ्याला दिलेस का? तो तसे म्हणतो. चोरीचा आळ घेऊन त्याला छळले होते. आपण केलेल्या सुंदर कृत्याचे पैसे दुसऱ्या कुणीतरी भरले, हे ऐकून इनिगोच्या डोळ्यांत पाणी आले.

यरुशलेमला तो गेला, पण तिथे राहू दिले गेले नाही. परत आल्यावर लोकांना मदत करायची तर शिकायला हवे असे ठरवून, तेहतिशीच्या घरातला हा माणूस बार्सिलोनात लहान पोरांबरोबर लॅटिन व्याकरण शिकायला बसला. धातू पाठ करायला घेतले की मनात भक्तीचे गोड विचार दाटून येत आणि पाठांतर राहून जाई. हे गोड विचारही त्याने पारखून पाहिले, आणि अभ्यास मोडणारे म्हणून बाजूला सारले. मग गुरुजींना चर्चमध्ये नेऊन वचन दिले : वर्गात लक्ष देईन, एक दिवस चुकवणार नाही.